फाडून टाकलेली पाने



या व्यासपीठावरून राज्यांविषयी, लढायांविषयी, संतांविषयी आणि राज्यघटनेविषयी विद्वानांनी बोलावे, अशी जुनी रीत आहे. मी आज साबण, काढे, कंदील आणि केसांचे तेल यांच्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून व्यवस्थापकांपैकी एक गृहस्थ मला हळूच म्हणाले, "म्हणजे व्याख्यान हलकेफुलके आहे ना?" मी होय म्हटले, कारण नाही म्हटले असते तर त्यांनी तारीख दिली नसती. आता तारीख मिळाली आहे, तेव्हा खरे सांगतो. मी जे सांगणार आहे ते एका हरवलेल्या दप्तराविषयी आहे, आणि ते हरवण्यात माझाही थोडा हात आहे.

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात जा आणि पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मराठी मासिकाचा बांधीव खंड मागा. शिपाई धूळ झटकून तो तुमच्यापुढे ठेवील. बारा अंक, एका कापडी पुठ्ठ्यात, पृष्ठांक एकापासून शेवटपर्यंत अखंड. तुम्हाला वाटेल की मासिकाचे ते संपूर्ण वर्ष आपल्या हाती आले. ते तसे आलेले नसते. प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ गेलेले असते, मलपृष्ठ गेलेले असते, आणि मजकुराच्या पुढेमागे जोडलेली जाहिरातींची पाने तर बहुतेक वेळा सगळीच गेलेली असतात. बांधणाऱ्याने ती काढून टाकलेली असतात. त्यात त्याचा दोष नाही. त्या पानांना बहुधा पृष्ठांकच नसत, किंवा निराळे असत. अनुक्रमणिकेत त्यांची नोंद नसे. ती ठेवली तर खंड जाड होई आणि शिवण सुटे. ग्रंथपालही म्हणे, काढा. विद्येच्या घरात केसांच्या तेलाला कोण जागा देणार?

मी ही पाने गोळा करू लागलो ती विद्येसाठी नव्हे. मॅट्रिकच्या सुटीत रद्दीवाल्याच्या दुकानात बसून मी जुने अंक चाळत असे. तागडीत पडण्यापूर्वी जी चित्रे आवडत ती मागून घेई. घरी आणून कात्रीने नीट कापी, कडा साफ करी आणि एका जुन्या खतावणीच्या वहीत गव्हाच्या खळीने चिकटवी. आईने दोनदा त्या वह्या बंबात घालण्याची तयारी केली होती. कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचणारा मुलगा, गुटगुटीत बाळ, गुडघ्यापर्यंत केस सोडून पाठमोरी उभी राहिलेली स्त्री, अशी माझी दौलत पाच वह्यांवर गेली. पुढे कितीतरी वर्षांनी इतिहासाच्या एका अभ्यासकांना मोठ्या अभिमानाने मी त्या वह्या दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला, पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, आणि एकच शब्द विचारला : "सन?"

माझ्याजवळ सन नव्हता. मासिकाचे नावही नव्हते. कडा साफ करताना ज्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष छापलेले होते तो कोपराच मी कापून टाकला होता. बांधणाऱ्याने जाहिरात टाकून मजकूर ठेवला, मी मजकूर टाकून जाहिरात ठेवली. दोघांनी मिळून अंक नाहीसा केला.

त्या दिवसापासून माझ्या संग्रहाची रीत बदलली. आता मी पान कापत नाही, अंकच्या अंक ठेवतो. त्यामुळे घरात माणसांना जागा कमी पडते, हा निराळा विषय. पण त्या पाच वह्यांचे काय करायचे? त्यांच्यामुळे मी एक विद्या शिकलो. कात्रणावरून काळ ओळखण्याची विद्या. तिच्यातल्या दोन-चार खुणा सांगतो, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर अशी कात्रणे असतील.

पहिली खूण किमतीची. किंमत आण्यांत असेल तर जाहिरात बहुधा १९५७ पूर्वीची. कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर भाग झाले. किंमत 'नये पैसे' अशी असेल तर १९५७ ते १९६४ ही सात वर्षेच धरायची; १९६४ च्या जूनमध्ये त्यातला 'नये' हा शब्द गेला. दुसरी खूण अनुस्वाराची. 'केसांत' हा अनुस्वार आजही आहे, पण 'नाहीं', 'करूं', 'जेथें' अशी टिंबे दिसली तर मजकूर १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीचा असण्याचा संभव मोठा. तिसरी खूण पत्त्याची. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. चौथी खूण कात्रणाच्या पाठीची. समोर तेलाची बाटली असते आणि पाठीमागे एखाद्या लेखाची चार तुटकी वाक्ये असतात. ती वाक्ये महायुद्धाविषयी बोलतात की नियोजनाविषयी, एवढ्यावरूनही दहा वर्षांचा फरक कळतो.

मात्र चित्राला भुलू नका. जाहिरातीचे चित्र जस्ताच्या ठशावरून छापले जाई आणि ठसा महाग असे. एकदा केलेला ठसा व्यापारी दहा-दहा वर्षे पुन्हा पुन्हा वापरी. मजकुरात नवी किंमत येई, पण चित्रातली बाई आपल्या जुन्याच पदरात उभी असे. कपड्यांवरून काळ ठरवणाऱ्या माझ्यासारख्या नवशिक्याची फजिती व्हायला एवढे पुरे.

आता या पानांत आहे तरी काय, ते पाहू. आपल्या देशात छापील वर्तमानपत्र आणि जाहिरात ही जुळी भावंडे आहेत. १७८० साली कलकत्त्यास हिकीने जे पहिले साप्ताहिक काढले त्याच्या नावातच 'जाहिरात देणारा' हा शब्द होता. आपला 'जाहिरात' हा शब्दसुद्धा 'जाहीर' या अरबी मुळाचा. जाहीर करणे, उघड करणे, डांगोरा पिटणे. तेव्हा ती मुळात सरकारी दवंडीची मुलगी. दुकानदाराच्या घरी ती मागाहून आली.

मासिकांच्या मागच्या पानांवर ती नांदू लागली ती मात्र टपालखात्यामुळे. लोक म्हणतात, छपाई स्वस्त झाली म्हणून जाहिराती वाढल्या. ते अर्धेच खरे. मुंबईच्या गिरगावातल्या काढेवाल्याला वऱ्हाडातल्या खेड्यातले गिऱ्हाईक कसे मिळावे? गिऱ्हाइकाचा दुकानदारावर विश्वास नाही आणि दुकानदाराचा गिऱ्हाइकावर नाही. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली आणि १८८० साली मनिऑर्डर आली. व्ही. पी.मध्ये पोस्टमन माल घेऊन दाराशी येतो, पैसे मोजून घेतो, आणि मग पुडके हातात देतो. दोन अनोळखी माणसांच्या मधला अविश्वास पोस्टमनच्या पिशवीत सुटला. त्यानंतरच्या जाहिराती पाहा : जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी टपालखर्च निराळा पडेल, पत्ता स्पष्ट लिहावा, अशा सूचना आहेत. औषधे, घड्याळे, पुस्तके, अत्तरे, बाजाची पेटी, सगळे काही व्ही. पी.ने. ज्या खेड्यात दुकान नव्हते त्या खेड्यात मासिकाचे मागचे पान हेच दुकान होते.

या दुकानात सर्वांत मोठी गर्दी औषधांची. डोंगरे यांचे बालामृत, डॉ. बाटलीवाला यांचे हिवतापावरचे मिक्श्चर, अमृतांजन, झंडूंची औषधे, विलायतेहून आलेले वुडवर्डचे ग्राइप वॉटर. यांतल्या अमृतांजनाची हकीकत सांगण्यासारखी आहे. काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनी १८९३ साली ते मुंबईत सुरू केले आणि त्याच्या मिळकतीतून १९०८ साली मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढले. पुढे १९१४ साली ते मद्रासला गेले. वर्तमानपत्रे मलमावर जगतात हे आपण जाणतो. येथे मलमाने वर्तमानपत्राला जन्मच दिला.

बालामृताच्या आणि ग्राइप वॉटरच्या जाहिरातींत गुटगुटीत बाळ असतेच. हातापायांना वळ्या पडलेले, हसणारे, कपाळाला तीट लावलेले. लहानपणी मला ते चित्र फार आवडे. पहिली वही त्यानेच सुरू होते. माझ्या आजीने एकदा ती वही पाहिली. ती वाचायला शिकली नव्हती, पण ते चित्र तिने ओळखले. ती म्हणाली, "हे मी दोघांना पाजलं होतं." मी विचारले, कोणा दोघांना? माझे वडील आणि आत्या एवढीच तिची मुले मला ठाऊक होती. ती उठून आत गेली. मग आईने सांगितले की वडिलांच्या आधी दोघे होते. एक चार महिन्यांचा जाऊन, दुसरा वर्षाचा होता होता.

श्रोतेहो, ते हसरे बाळ मासिकाच्या प्रत्येक अंकात का असे, हे मला त्या दिवशी कळले. ज्या घरात मुले जगतात त्या घरात मूल जगवण्याच्या औषधाला एवढे गिऱ्हाईक नसते. जन्मलेल्या मुलांतली कितीतरी वर्षाच्या आत जात, अशा काळात प्रत्येक आईच्या मनात जे भय होते त्याचीच ती छबी होती, फक्त उलटी करून छापलेली. त्या बाटलीत काय होते? वुडवर्डच्या औषधात तर त्या काळी शेपूच्या अर्काबरोबर थोडा मद्यार्कही असे. बाळ शांत झोपे यात नवल नाही. पण सरकारी अहवालातल्या मृत्यूच्या कोष्टकात भीती दिसत नाही, आकडा दिसतो. भीती या पानावर दिसते.

त्याच पानांवर पुरुषांचीही एक भीती राहते आणि तिच्याविषयी बोलताना व्यासपीठावर जरा संकोच होतो. धातुपौष्टिक गोळ्या, गुप्त रोगांवरचे रामबाण, तारुण्य परत आणणारी रसायने. नीतिमान मासिकेही त्या छापीत. मी एका अंकात ब्रह्मचर्यावरचा निबंध आणि त्याच्या समोरच्या पानावर हे रसायन, असे शेजार पाहिले आहे. संपादकाने निबंध वाचला असेल. जाहिरात व्यवस्थापकाने घेतली असेल. अंक मात्र एकच. आणि याच काळात, १९२७ च्या जुलैपासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढीत होते. जे इतर पत्रे आडून छापीत ते ते सरळ, शास्त्राच्या भाषेत सांगत. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र त्यांनी सुरू केले होते, त्यापायी प्राध्यापकी गेली होती. अश्लीलतेचे खटले कर्व्यांवर झाले, दंड कर्व्यांना झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड चुकला नाही. रसायनवाल्यांना मात्र तोपर्यंत कोणी फारसे हटकले नव्हते. त्यांच्यासाठी कायदा झाला तो १९५४ साली, कर्वे वारल्यानंतरच्या वर्षी. त्या कायद्याने चमत्कारी औषधांच्या आणि विशिष्ट रोगांवरच्या जाहिरातींना बंदी घातली. तो किती पाळला जातो हे आपण आगगाडीच्या रुळांलगतच्या भिंती वाचून ठरवावे.

असो. सगळेच पान काळे नाही. स्वदेशीच्या चळवळीनंतर या पानांचा सूर पालटतो. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील हा केवळ कंदील राहत नाही. तो घेणे हे देशकार्य होते. किर्लोस्करांचे तर त्याहून पुढे गेले. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. म्हणजे येथे जाहिरातीपुढे अडचण किमतीची नव्हती, समजुतीची होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्र काढले. शंकरराव हाताने चित्रकार होते. १९२९ साली त्याचे नाव 'किर्लोस्कर' झाले, १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर'. ज्या पत्राचा जन्म नांगर खपवण्यासाठी झाला, त्याच्या पोटी विधवाविवाहापासून बुद्धिवादापर्यंतचे वाद जन्मले. आमच्याकडे जाहिरात मासिकाच्या मागच्या पानावर राहते असे मी म्हणालो. येथे मासिक हेच जाहिरातीच्या मागच्या पानावर वाढले आणि एके दिवशी पुढे आले.

याला जोड बंगालची एक. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस 'कुंतलीन' नावाचे केसांचे तेल विकीत. १८९६ साली त्यांनी कथेसाठी बक्षीस लावले; अट अशी की कथेत तेलाचे नाव यावे, पण कथा जाहिरात वाटू नये. पहिल्या वर्षीचे बक्षीस जगदीशचंद्र बसूंच्या कथेला मिळाले. त्या कथेत समुद्रातले वादळ तेलाची बाटली ओतून शांत केले जाते. बंगालीतल्या विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ जण तिच्यापासून धरतात. शरच्चंद्रांची पहिली छापील कथा, 'मंदिर', तीही १९०३ साली याच बक्षिसासाठी त्यांनी आपल्या मामाच्या नावाने पाठवलेली. केसांच्या तेलाने वादळ शांत झाले की नाही कोण जाणे, बंगाली कथेला मात्र त्याने चांगले न्हाऊ घातले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, जाहिरात हा खोटे बोलण्याचा धंदा. मग इतिहासाला तिची साक्ष काय कामाची? मी दोन-तीन उदाहरणे देतो आणि निकाल तुमच्यावर सोपवतो.

हिंदुस्थानात चलच्चित्र पहिल्याने कधी दाखवले गेले? ७ जुलै १८९६, मुंबईचे वॉटसन हॉटेल. ही तारीख आपण पाठ म्हणतो, ती कुठून आली? त्या दिवशीच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या एका जाहिरातीतून. शतकातले नवल, जगातले आश्चर्य, अशी तिची भाषा होती; प्रवेश एक रुपया. पुढे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले आणि थोड्याच आठवड्यांत जाहिरातीतले दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाले. पडदानशीन स्त्रियांसाठी निराळ्या जागांची सोय झाली. पाहा, नुसत्या दराच्या ओळीत केवढा इतिहास आहे! साहेबांसाठी आणलेला खेळ चार आण्यांच्या माणसापर्यंत आणि पडद्याआडच्या बायकांपर्यंत किती दिवसांत पोचला, हे दुसऱ्या कोणत्या कागदाने सांगितले असते?

दुसरे उदाहरण वादाचे आहे. पहिला हिंदी चित्रपट कोणाचा? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, हे सर्वमान्य उत्तर. पण त्याच गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' लागला होता. ती फीत आज उरलेली नाही. उरला आहे तो २५ मे १९१२ च्या 'टाइम्स'मधला जाहिरातीचा चौकोन. त्यात म्हटले आहे की मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदू वस्तीने गेल्या आठवड्यात हा खेळ पाहिला, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा. आता १९११ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ९ लाख ८० हजार, त्यांत हिंदू बहुसंख्य. निम्मे म्हणजे निदान अडीच लाख. एका चित्रगृहात एका आठवड्यात अडीच लाख माणसे बसवायची तर एकेका खेळाला हजार माणसे धरूनही रोज पस्तीस खेळ करावे लागतील. विधान साफ खोटे आहे. पण ते खोटे बोलण्यासाठी खेळ तर लागलेला असला पाहिजे, आणि एक आठवडा चाललेला असला पाहिजे! गर्दीची संख्या खोटी, खेळ खरा. जाहिरात ज्या गोष्टीची बढाई मारते तिच्यावर विश्वास ठेवू नका. जी गोष्ट ती गृहीत धरून चालते ती टिपून घ्या. 'पुंडलिक' हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रकार परदेशी होता, फीत धुण्याचे काम लंडनला झाले, म्हणून मान फाळक्यांचाच, असे पुष्कळ म्हणतात आणि मलाही ते पटते. परंतु हा वाद घालायला तरी आज जो आधार आहे तो जाहिरातीचा.

फाळक्यांच्या जाहिरातीचेही गणित करून पाहिले आहे. नाटकाला रात्रभर बसणारे प्रेक्षक एवढ्याशा खेळाला पैसे देईनात, तेव्हा त्यांनी जाहिरात केली असे सांगतात : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांब चित्र, सगळे तीन आण्यांत! फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. ५७,००० ला सोळाने भागा. ३,५६० फूट येतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट सांगतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा, जो ऐकताना थाप वाटतो, तो जवळजवळ बिनचूक आहे. उलट दोन मैल, जे ऐकताना खरे वाटते, ते होतात १०,५६० फूट. फीत त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. फाळके तंत्रज्ञ होते, चित्रे त्यांनी मोजली असतील. मैल मोजायला कोण जाणार? एकाच वाक्यात शास्त्रज्ञ आणि बाजारात उभा राहिलेला माणूस दोघे दिसतात. मला तरी त्यांच्या कोणत्याही चरित्रापेक्षा त्या एका वाक्यात ते जास्त जिवंत वाटतात.

याच धाग्याचे पुढचे टोक १९४१ साली सापडते. 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीचे काम करायला फाळक्यांना स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या तरुणाने ते केले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. त्या साबणासाठी चेहरा देणारी पहिली हिंदी नटी ती हीच, आपली मराठी, पदवीधर बाई. एका पिढीच्या आत, पडद्यावर येणे ज्या घरांत कलंक होता त्या घरांच्या न्हाणीघरात नटीचा साबण गेला. ही क्रांती कोणत्या परिषदेच्या ठरावात नोंदली आहे? मासिकाच्या मलपृष्ठावर नोंदली आहे, आणि मलपृष्ठ बांधणाऱ्याने फाडले आहे.

अर्थात भीती निर्माण करण्याची कला याच सुमारास व्यावसायिक झाली हेही सांगितले पाहिजे. १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी निघाली तेव्हा जाहिरात ही हाताच्या कारागिराची होती. १९२९ साली जे. वॉल्टर टॉम्सन ही अमेरिकन कंपनी मुंबईत आली. पुढे हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी आपल्याला 'रात्रीची उपासमार' नावाचा नवा रोग शिकवला. तो तोवर कोणालाच झाला नव्हता. चहाचेही तसेच. मळेवाल्यांवर १९०३ पासून जी पट्टी बसली तिच्या पैशातून चहाचा प्रचार झाला, आगगाडीच्या फलाटांवर फलक लागले, उन्हाळ्यात गरम चहा गारवा देतो असे आपल्याला पटवण्यात आले. आमच्या वडीलधाऱ्या पिढीला चहा हे व्यसन वाटे. १९४७ साली अन्नदा मुन्शींनी चित्र काढले, चरखा चालवणारी स्त्री आणि खाली चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही! ज्या मळ्यांची मालकी एवढी वर्षे साहेबांची होती, त्यांचा पाला एका रात्रीत चरख्याशेजारी येऊन बसला. व्याख्यान संपल्यावर बाहेर जी किटली तयार आहे तिच्यामागे एवढी पुण्याई आहे.

आता थोडे गाऱ्हाणे. अलीकडे जुनी मासिके यंत्राने टिपून संगणकावर ठेवण्याचे मोठे काम चालले आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण यंत्रापुढे जाते काय? तोच बांधीव खंड, ज्याची पाने पूर्वीच गेलेली. आजवर ग्रंथालयात खंड हाताळताना शिवणीपाशी फाटलेल्या पानाची बारीक कड दिसे, बोटाला लागे, आणि येथे काहीतरी होते हे कळे. पडद्यावर ती कडही दिसत नाही. पृष्ठांक अखंड, चित्र स्वच्छ, वर 'संपूर्ण' असा शिक्का. त्यानंतर सुटा अंक कोणी कशाला ठेवील? माळ्यावरचे अंक तागडीत जातील, कारण ते 'मिळतात'. मुखपृष्ठासह, मलपृष्ठासह, मधल्या हिरव्या-गुलाबी कागदासह असलेला सुटा अंक ज्याच्या घरी आहे, त्याच्याजवळ ग्रंथालयातही नसलेली वस्तू असण्याचा संभव आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक पत्र मला टाका. टेंपोचे भाडे मी देईन.

शेवटी एक विनंती. माझ्या पहिल्या वहीतले एक कात्रण मी येताना आणले आहे. ते या मेजावर काचेखाली ठेवले आहे. केसांच्या तेलाची जाहिरात आहे. किंमत चौदा आणे, म्हणजे १९५७ च्या आधीची. मागच्या बाजूला रेशनच्या गव्हात ज्वारी मिसळून करायच्या एका पदार्थाची अर्धी कृती आहे. मुंबईत रेशन १९४३ च्या मेमध्ये सुरू झाले, तेव्हा त्यानंतरची. मध्ये चौदा वर्षे उरतात. मासिक कोणते ते ठाऊक नाही. कृतीतले शेवटचे शब्द 'आणि मग झाकण ठेवून' असे आहेत. पुढचे मी कापले. सभागृहात ज्या वयस्क भगिनी आहेत त्यांनी जाताना ते एकदा पाहावे. कोणाला ती कृती, ते चित्र किंवा तो अंक आठवला, तर मी दाराशी थांबलो आहे.